डॉक्टर आईबद्दल काय म्हणाले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, तेही लिहून — समोर बसून मला जमलं नसतं.

माझा धाकटा भाऊ निलेश. त्याच्या तळहातांची, तळपायांची कातडी लहानपणापासून जाड, पिवळट. थंडीत तिला चिरा पडायच्या. दुधाचे दात लवकर पडले. दुसरे आले, तेही हलायला लागले आणि एकेक करून गेले. पुढे बोटांची हाडंही वाकत गेली. खर्डीजवळच्या आमच्या गावात याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं — निलेश पोटात असताना आईनं ग्रहणात भाजी चिरली होती. भूक लागली होती तिला, एवढंच. आजी आल्यागेल्याला सांगायची, "गिराणात विळीवर बसली ही. दम नाय निघाला. पोराचं वाटोळं केलं." आई भाकऱ्या थापत राहायची.

मी शहापूरला इंग्लिश मीडियममध्ये होते. दहावीत असताना निलेशला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, म्हणून ते माझ्याशीच बोलले. आई शेजारी उभी होती, निलेशच्या चपला हातात घेऊन.

ते काय म्हणाले? सगळं आठवतं. आजार दुर्मिळ आहे, रक्तातून येतो — आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून मिळून. दोघं नात्यातले आहेत का? होते — आई म्हणजे बाबांच्या मामाची मुलगी, म्हसा गावची. मग म्हणाले, आईच्या हातून काहीही चुकलेलं नाही, हे तिला नक्की सांग. आणि शेवटी — तुला त्रास नसला, तरी हा दोष तुझ्यातही लपलेला असू शकतो.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हनले गो? माझ्याच हातून झालंय ना?"

"मलम दिलंय," मी म्हटलं. "पूर्ण बरं नाही होणार."

पुढचं का नाही सांगितलं? समजलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण समजलं होतं — फार नीट. ग्रहणाचा दोष एकट्या आईचा होता. रक्ताचं नाव निघालं असतं, तर मला कुणी करून घेतलं असतं?

काही वर्षांनी कल्याणचं स्थळ आलं. त्यांनी निलेशबद्दल विचारलं, तेव्हा आईच पुढे झाली. "त्यो माझा दोष. गिराण पाळलं नाय मी. पोरीत काय नाय." त्यांना पटलं. मी चहाचा ट्रे धरून उभी होते.

हळदीला सगळ्याजणी मला हळद लावत होत्या. आई मांडवाच्या कडेला. काकूनं हाक मारली, "ये ना गो, लेकीला लाव." तिनं मान हलवली. "नको. माझा हात नको लागाय. तिला पोरं धड होऊ दे."

एक वाक्य पुरलं असतं. मी खाली बघत बसले — आणि आईच्या वाटची हळद काकूनं लावली.

आई त्यानंतर बरीच वर्षं होती. मी माहेरी जायचे, तिच्याशेजारी झोपायचे. तिला सांगितलं नाही. आता ती गेली.