गावचा गाल

"म्हस झाली. आता तू बसतोस व्हय?"

पाटील असं म्हणाला आणि चावडीपुढचे सगळे हसले. लिंबाखाली नामा न्हावी पाटलाची म्हैस भादरून नुकताच मोकळा झाला होता. मी त्याच्यापुढं जाऊन बसलो होतो. लढाई संपली होती, पलटणीतून मी घरी आलो होतो, अंगात अजून खाकी शर्ट होता. नामानं माझ्याकडं बघितलं नाही. वस्तरा मिटला, धोकटीत टाकला आणि धोकटी मांडीखाली घेतली. जणू मी ती हिसकावून पळणार होतो.

"ऊठ रं," पाटील म्हणाला. "शर्ट घातला म्हून महार साहेब हुतू का?"

उठलो. तेव्हा उठलो. त्याची आग अजून आहे.

ब्रह्मदेशात पलटणीचा न्हावी रांगेनं दाढी करायचा. पुढं कोण, मागं कोण एवढंच बघायचा. गोळ्याही तशाच यायच्या. आणि शिराळ्याजवळच्या माझ्याच गावात, म्हशीच्या पाठीला चालणारा वस्तरा माझ्या गालाला लागला की बाटत होता.

दाढीवाचून माझं काही अडलं नव्हतं. पेटीत माझा स्वतःचा वस्तरा होता. महारवाड्यात आम्ही एकमेकांची डोकी करतच आलो होतो. पण मुंबई सरकारनं तेव्हा नवा कायदा केला होता. पाणवठा, हॉटेल, न्हावी, सगळ्यांना सगळं खुलं. मी म्हटलं, कायदा आहे तर बघू तरी त्याचं तोंड कसं आहे. तालुक्याला गेलो, अर्ज दिला आणि त्या दिवसापासून गालाला वस्तरा लावला नाही.

गावानं भांडण केलं नाही. तेच वाईट होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, शिव्यांची सवय होती. वाण्यानं आईला मीठ देणं बंद केलं, पण तोंडानं काही बोलला नाही. आई शेण गोळा करायला माळावर गेली की बांधावर कोणीतरी येऊन उभं राहायचं. बोलायचं नाही, हटकायचं नाही. नुसतं उभं.

आणि मग एक दिवस पाटलानं मला बोलावून घेतलं आणि गोड बोलला.

"तालुक्याचं सायब उद्या येनार हायत. तुजी दाढी नामा करंल. सगळ्यांम्होरं करंल. झालं समाधान?"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाटील कधी गोड बोलत नसे. घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"वस्तरा कुनाच्या हातात आसनार?"

"नामाच्या."

"आन् नामा कुनाच्या हातात?"

ती पुन्हा भाकरी थापू लागली.

साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी टांग्यातून आला. आधी पाटलाकडं जेवला, मग चावडीत येऊन खुर्चीवर बसला. चौकशीला आलेला माणूस ज्याच्यावर तक्रार त्याच्याच घरी जेवतो, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. पाटलाचा जबाब त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. "आमच्या गावी भेदभाव पाळत नाहीत. अर्जदार न्हाव्याकडे कधी गेलाच नाही. गेला असता तर त्याची दाढी झाली असती."

सगळ्या गावानं माना डोलावल्या. म्हैस तेवढी साक्षीला नव्हती, नाहीतर तिनंही डोलावली असती.

"चल रे," साहेब म्हणाला. "बस. बघू तर."

लिंबाखाली पोतं टाकलं होतं. मी बसलो. सगळं गाव भोवती. नामानं दोन्ही गालांना पाणी लावून साबण फासला. त्याची बोटं बर्फासारखी होती. नामाला मी लहानपणापासून ओळखत होतो. आम्ही एकाच ओढ्यावर गुरं राखली. तो ओढ्याच्या अलीकडं, मी पलीकडं. त्याची बोटं माझ्या अंगाला त्या दिवशी पहिल्यांदा लागली.

त्यानं माझी हनुवटी वर केली. वस्तरा गळ्याशी आला आणि तिथंच थांबला. वाकून तो कानाशी पुटपुटला, "गड्या, हलू नगंस. पाटील म्हनलाय, हात घसरला तर कुनी इचारायचं न्हाई."

तो मला सावध करत होता की भीती घालत होता, ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित त्यालाही सांगता आलं नसतं. मी डोळे मिटले नाहीत. लिंबाच्या फांदीकडं बघत राहिलो. जपान्यांच्या तोफांपुढं बसलो होतो, तेव्हा इतका घाम फुटला नव्हता. तिकडं निदान मारणारा कोण ते ठाऊक होतं.

वस्तरा गळ्यावरून वर सरकला. नामाचा हात घसरला नाही. घसरू दिला नाही म्हणा. उजवा गाल साफ झाला.

साहेब खुर्चीतून उठला. "झालं की. भेदभाव कुठाय? सही कर रे."

"दाढी पुरी हुंदे, रावसाहेब."

"होईल रे. मला पुढच्या गावी जायचंय. समाधान झालं म्हणून सही कर."

"पुरी झाल्यावर करीन."

वाकून 'व्हय जी' म्हणायची रीत होती आणि मी मान वर करून बसलो होतो, अर्ध्या तोंडानं. साहेबानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पाटलाकडं वळला. "पंचांच्या सह्या घ्या. तेवढ्या पुरेत." पंचांनी सह्या ठोकल्या. टांगा गेला.

टांगा ओढ्यापलीकडं दिसेनासा होईपर्यंत पाटील तिकडं बघत होता. मग म्हणाला, "नामा, आटप."

नामानं वस्तरा मिटला.

"दुसरा गाल?" मी विचारलं.

पाटील हसलासुद्धा नाही. "सरकारचा गाल झाला. ह्यो दुसरा गावचा हाय. ह्याला हात लावायचा न्हाई."

मग सगळे हसले. पोरं महारवाड्यापर्यंत मागं आली. एका गालाला वारा लागत होता, दुसऱ्या गालावर फेस वाळून कातडी ताणत होती.

घरी चुलता माझाच वस्तरा पेटीतून काढून बसला होता. "आन हिकडं त्वांड. भादरून टाकतो. इडा गेली."

"ऱ्हाऊ द्या, काका."

"लोक हसत्यात रं," आई म्हणाली.

"हसू द्या. आज हसत्यात. उद्या काय करनार हायत ते बगू."

संध्याकाळी पाटलाची माणसं महारवाड्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. हातात काठ्या. काही बोलली नाहीत. दिवे लागले तरी उभीच होती.

मी आईला म्हटलं, माझ्याबरोबर साताऱ्याला चल, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाकडं. ती म्हणाली, "मी गेले तर म्हनतील पळाली. तू जा. मी हितंच बसते, दारात." ती दारात बसली. काठ्यांकडं तोंड करून.

पहाटे निघालो. महारांनी गावाबाहेरच्या पायवाटेनं जायचं अशी रीत. मी चावडीपुढून गेलो. पाणी भरणाऱ्या बायका हसू लागल्या आणि मग हसायच्या थांबल्या. नामा अंगणात धोकटी झाडत होता. मी त्याच्यासमोर थांबलो. त्यानं या वेळी नजर चुकवली नाही. डोळे भरले होते. मला त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही अजून आहेत.

साताऱ्याला मोठ्या कचेरीच्या दारात पट्टेवाल्यानं अडवलं. "असा जातोस होय साहेबापुढं? आधी दाढी तरी नीट करून ये."

"ह्योच अर्ज हाय माजा," मी म्हटलं आणि पायरीवर बसलो.

त्या दिवशी मला आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज येतो. धर्मशाळेच्या हौदावर आरशाचा तुकडा ठेवून माझ्याच वस्तऱ्यानं सरकारचा गाल रोज साफ करतो, तुळतुळीत. गावच्या गालाला हात लावत नाही. तो वाढतोय. गावाकडून निरोप आलाय, घराचं छप्पर कोणीतरी ओढून काढलं, आई उघड्यावर बसलीय, पण दारातच बसलीय.

हा गाल मी साताऱ्यात भादरणार नाही. महारवाड्यातही नाही. त्याच लिंबाखाली, सगळ्या गावादेखत, नामाच्याच हातानं तो साफ होईल. तोवर मी असाच दिसेन. ज्याला बघवत नसेल त्यानं मान फिरवावी, मी फिरवणार नाही.