तोंडात न घेतलेलं नाव

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात नर्मदा ढवळे नऊ वर्षं पॅकिंगला होती. रंगाच्या भुकटीचा पंचवीस किलोचा ड्रम. फावड्यानं भरायचा, काट्यावर चढवायचा, झाकण ठोकायचं, सरकवायचा. दोघी मिळून पाळीला एकशे वीस. पिवळा रंग चालू असला की आठवडाभर घाम पिवळा यायचा. कामाला ती कधी मागे सरली नाही. पण पंच्याण्णव साली कंबर धरली आणि डॉक्टर म्हणाला, उचलणं थांबवा, नाहीतर उठणं थांबेल.

ती दहावी पास होती. कारखान्याच्या टाइम ऑफिसात कॉम्प्युटर येणार, ऑपरेटर लागणार, असं कानावर आलं. ती सरावलीच्या चाळीतून चालत बोईसर स्टेशनजवळच्या क्लासला जाऊ लागली. रेशन दुकानाच्या माडीवर एक खोली, दोन कॉम्प्युटर, चौदा विद्यार्थी. आठवड्याला वाट्याला चाळीस मिनिटं यायची. एवढ्यात बोटं बसत नाहीत हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. तिनं साडीच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर कीबोर्ड आखला, अक्षरं लिहिली आणि भात शिजेपर्यंत रोज त्यावर बोटं चालवली. चार महिन्यांत झाकणाला भोकं पडली. मग दुसरं आखलं.

शिकवणारा कमलाकांत मुरब्याच्या मच्छीमार घरातला. एक दिवस त्यानं पासवर्ड शिकवला.

"आता नीट आयका. कारखान्यात चार मशीन एका वायरीला जोडलेली असतात. कुटल्याबी मशीनवर बसून तुमच्या नावानं आत जाता येतं. तुमचा पासवर्ड ज्याला ठाव, तो म्हंजे तुमीच. तो काय करल ते तुमीच केलं. म्हणून लिवायचा नाय, सांगायचा नाय. आठ अक्षरं घ्या. आन असा शब्द घ्या, जो तुमच्या तोंडातून कदी निघायचा नाय."

"सर, मग शिवी ठेवू का?" मागून एक जण म्हणाला.

"तुज्या तोंडातून ती कवा निघत नाय रं?"

वर्ग हसला. नर्मदा हसली नाही. ती शब्द शोधत होती. तापात बरळले, झोपेत बोलले, तरी तोंडातून निघणार नाही असा शब्द. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. नवऱ्याचं नाव तिनं मांडवात उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधीच नाही. रेशन कार्डावरचं नाव विचारलं तरी ती कार्ड पुढं सरकवायची. भगवंत. इंग्रजीत लिहून तिनं अक्षरं मोजली. बरोबर आठ.

आपलं तोंड तिनं तपासलं. दुसऱ्यांची तोंडं तिच्या ध्यानात आली नाहीत.

सर्टिफिकेट मिळालं आणि शहाण्णवच्या पावसाळ्याआधी ती टाइम ऑफिसात बसली. काम सरळ होतं. गेटवरचा वॉचमन वहीत टोकन नंबर आणि वेळ लिहायचा, ती वही घेऊन नर्मदा कॉम्प्युटरमध्ये हजेरी मांडायची. एक नंबरचं मशीन तिचं. तीन नंबरचं पर्सोनेल साहेबांचं. बाकीचे आपापले पासवर्ड मशीनवर चिकटवून मोकळे. नर्मदा मात्र टाइप करताना डाव्या हातानं कीबोर्ड झाकायची.

"नर्मदाताई, काय लपवता? डब्यात सुकट आहे होय?" शेजारची मंजुळा म्हणायची.

"असं समज."

घरी तिनं एकदा नवऱ्याला खरं सांगितलं. भगवंत कापड गिरणीत मागवाला होता, फारसा हसायचा नाही. त्या दिवशी हसला.

"अगं, तोंडानं घेत न्हाईस, आन दिसातनं चार येळा बोटानं घेतीस व्हय?"

"बोटाला कुठं बाट लागतो."

दोन वर्षं बरी गेली. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये जिवल्या मेला.

जिवल्या ठेकेदाराचा माणूस, वारली, मनोरच्या बाजूच्या पाड्यावरचा. टोकन तीनशे सतरा. दुसऱ्या पाळीत त्याला टाकी धुवायला आत उतरवलं. टाकीतला वायू तपासला नव्हता, तोंडाला मास्क नव्हता, कमरेला दोर नव्हता. साडेसहाला त्याला बाहेर काढला तेव्हा तो गेलेला होता. नर्मदा साडेपाचलाच घरी गेली होती. तिला सकाळी गेटवर कळलं.

टाइम ऑफिसात येऊन तिनं कालची दुसरी पाळी उघडली. तीनशे सोळा होतं. त्याखाली तीनशे अठरा होतं.

तिनं पुन्हा पाहिलं. काल स्वतः मांडलं होतं तिनं. तीनशे सतरा, आत तीन वाजून दहा. गेटची वही मागितली, तर वॉचमन म्हणाला, वही साहेबांनी नेली. दुपारपर्यंत कारखान्याचं म्हणणं सगळीकडे पसरलं: जिवल्या काल कामावर नव्हताच. भंगार चोरायला भिंतीवरून आला आणि टाकीत पडला.

कोण कधी आत गेलं, काय बदललं, याची नोंद मशीन ठेवत असे. क्लासमध्ये ती कशी काढायची ते तिनं शिकून घेतलं होतं. प्रिंटर करकरत कागद बाहेर आला. नोंद खोडली रात्री आठ बावन्नला, मशीन नंबर तीनवरून. खोडणाऱ्याचं नाव: नर्मदा.

तिनं स्वतःची हजेरी पाहिली. बाहेर पडल्याची वेळ पाच चौतीस असायला हवी होती. तिथं नऊ वाजून पाच मिनिटं होती.

पर्सोनेल साहेबांनी तिला बोलावलं. खुर्ची दिली. ती उभीच राहिली.

"चौकशीला सरकारी अधिकारी येतील. तुम्ही इतकंच सांगा, टोकन नंबर मांडताना चूक झाली होती, ती तुम्ही सुधारली. उशिरापर्यंत थांबून सुधारली. कोणाची काही चूक निघणार नाही."

"मी घरी होते साहेब."

"मशीन म्हणतं तुम्ही इथं होता."

"मशीनला तुम्ही सांगितलंत."

साहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "कंबर कशी आहे आता? पॅकिंगला परत जमेल का?"

घरी भगवंत भिंतीला टेकून सगळं ऐकत होता.

"गप बसलीस तर?"

"तर त्यो माणूस चोर ठरंल."

"आन बोललीस तर?"

"तर मी."

"ड्रम उचलायचं न्हाईत तुला," तो म्हणाला. मग म्हणाला, "बोल जा."

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. बाहेर जिवल्याची बायको नवसी पाड्यावरच्या दोघा जणांबरोबर कुंपणाशी बसली होती. आत अधिकारी, त्यांचा लिहिणारा कारकून, मॅनेजर आणि पर्सोनेल साहेब. नर्मदानं सगळं क्रमानं सांगितलं. नोंद कधी मांडली, कुठल्या मशीनवरून खोडली, आपण कधी घरी गेलो. प्रिंट टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यानं तो सावकाश वाचला. माणूस वाईट नव्हता.

"बाई, नाव तुमचं आहे. दुसरा कोणी तुमच्या नावानं आत कसा जाईल?"

"पासवर्ड ठाऊक असला तर."

"तुम्ही कोणाला सांगितला होता?"

"कोणाला नाही. नवरा सोडून."

"काय होता?"

नर्मदाचं तोंड बंद झालं. कारकुनानं पेन उचलून धरलं. पंखा फिरत होता. पर्सोनेल साहेब खिडकीबाहेर पाहत होते.

"सांगायला हवा," अधिकारी म्हणाला. "नाहीतर मी असं लिहीन की साक्षीदारानं माहिती दिली नाही."

तिनं कागद मागितला. अधिकारी म्हणाला, तोंडी सांगा, सगळ्यांसमोर. वीस वर्षांत जे झालं नव्हतं ते तिनं केलं.

"भगवंत."

"हे कोण?"

"आमचे मालक."

अधिकाऱ्यानं समोरची फाइल उघडली. वरच तिचं ओळखपत्राचं कार्ड होतं, फोटोसकट, सकाळीच जमा करून घेतलेलं. त्यानं बोट ठेवून वाचलं. "नर्मदा भगवंत ढवळे." वर पाहिलं. "बाई, हे तर तुमच्या कार्डावरच लिहिलंय. कारखान्यात कोणाला ठाऊक नाही?"

नर्मदानं कार्डाकडे पाहिलं. दोन वर्षं ते तिच्या छातीवर लटकत होतं.

"मी ते कधी बोलले नाही," ती म्हणाली.

मॅनेजर खोकला. पर्सोनेल साहेब म्हणाले, "पासवर्ड गुप्त ठेवा, असं आम्ही लेखी कळवलं होतं. त्यावर बाईंची सही आहे." सही होतीच.

अधिकाऱ्यानं लिहवून घेतलं. नोंद होती असं साक्षीदार म्हणते. ती कोणी खोडली हे सांगता येत नाही. पासवर्ड सर्वांना कळण्याजोगा असल्यानं संगणकावरील हजेरी कोणत्याच बाजूनं पुरावा धरता येत नाही. गेटची वही सापडत नाही. मयत कामावर हजर होता हे सिद्ध होत नाही.

नर्मदाला त्याच दुपारी निष्काळजीपणाचं पत्र मिळालं. उद्यापासून येऊ नये.

ती गेटबाहेर आली तेव्हा नवसी उठून पुढं आली. लहान चणीची बाई, पायांत काही नाही. तिनं पत्राकडे पाहिलं.

"काय म्हनला सायब?"

"कळत नाही म्हणाला."

"माजा मानूस कामाला हुता का नाय?"

"होता. तीन वाजून दहा मिनिटांनी आत आला. मी स्वतः मांडलं होतं."

"मंग लिवून दे."

नर्मदानं पिशवीतून पेन काढलं. साहेबांच्या पत्राची मागची बाजू कोरी होती. गुडघ्यावर धरून तिनं लिहिलं: तारीख, पाळी, टोकन, वेळ. खाली सही केली.

"ह्याला कोन मानल?"

"ठाऊक नाही, बाई."

नवसीनं कागदाची लहान घडी केली, कमरेच्या गाठीत बांधली आणि ती तिघं मनोरच्या गाडीसाठी रस्त्याकडे चालू लागली.