ठकीचं माप

लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा सासरी लाकडी खेळणी करतात हे मला ठाऊक होतं, पण घरात माणसांपेक्षा बाहुल्या जास्त असतील असं वाटलं नव्हतं. कोपरीत दोन खोल्या आणि पुढे ओटी. यजमान मुंबईला कारकुनी करायचे, त्यांच्या पगारावर घर चालायचं. खेळण्यांचा व्याप मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ते मूळचे सावंतवाडीकडचे, लहानपणापासून हातात पटाशी. शीळफाट्याकडून बैलगाडीने पांगाऱ्याचे ओंडके यायचे. मामंजी तासायचे, मी चिंचोक्याची खळ लावून रंग द्यायची आणि सगळ्यात शेवटी डोळे काढायची. डोळे आधी काढले तर बाहुली पुढचं काम धड करू देत नाही, असं ते गंभीरपणे सांगायचे. माझ्या डोळ्यांवर ते खूश असत. माझ्या स्वयंपाकाबद्दलचं मत त्यांनी कायम पोटात ठेवलं.

भोवरे, बैलजोड्या आणि ठक्या ओटीवरूनच विकल्या जायच्या. ठकी म्हणजे आपली लाकडाची बाहुली, लुगडं नेसलेली, वीतभर उंच, दोन्ही हात अंगाला चिकटलेले. स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षं झाली असतील. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. दुपारी एक कोळीण ओटीपाशी येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची. ठक्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"बाबा, मना मोठी ठकी पायजे. चार वर्सांच्या पोरीएवरी."

मामंजी हसले. "एवढ्या मोठ्या बाहुलीशी कोण खेळणार गं?"

"खेलायला नाय. घरान पायजे."

मग तिनेच सांगितलं. मुलगी खाडीवर चिंबोऱ्या धरायला बायकांबरोबर गेली होती. भरती आली, बायका परतल्या, मुलगी परतली नाही. शोधूनही सापडली नाही. रडली नाही ती. दुधाचा रतीब सांगावा तशी सांगत होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मामंजींनी उंची विचारली. ती म्हणाली, "माप कुठशी आनू बाबा? ती गेली, माप घेऊनशी गेली."

अंदाजाने मोठी बाहुली करणं मामंजींना मान्य नव्हतं. अंदाजाची बाहुली अंगाने पोर आणि चेहऱ्याने म्हातारी होते, असं त्यांचं म्हणणं. ती गेल्यावर त्यांनी माझ्या मुलीला हाक मारली. तीही चार वर्षांची होती. तिला दाराच्या चौकटीशी उभं करून त्यांनी सुतळीने माप घेतलं. टाच, गुडघा, कंबर, खांदा, प्रत्येक जागी एक गाठ. माझ्या माहेरी जिवंत माणसाचं माप दोरीने घेत नसत. कपड्याला शिंप्याची पट्टी चालायची, दोरी नाही; दोरी गेलेल्या माणसासाठी. हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण नातीचं माप आजोबा घेतोय, त्यात काय बोलायचं, म्हणून मी खळ ढवळत राहिले.

ठकी झाली. मी डोळे काढले. कोळणीने तिला कडेवर घेतलं आणि पदराने ऊन अडवत घरी नेलं.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि ती पुन्हा आली. कडेवर ठकी. म्हणाली, "हिला वाडवा बाबा. पोर वर्सान केवरी वाडते."

लाकूड वाढत नाही हे मामंजी तिला सांगू शकले असते. नाही सांगितलं. पुन्हा सुतळी, पुन्हा माझी मुलगी चौकटीशी, पुन्हा नवा ओंडका. जुनी ठकी बदल्यात आमच्याकडे राहिली. माळ्यावर ठेवण्यापूर्वी मी ती नीट पाहिली. भांगात तेल मुरून लाकूड काळं पडलं होतं. गालांवरचा रंग रोजच्या धुण्याने गेला होता. मी काढलेल्या डोळ्यांना कुणीतरी वरून खरं काजळ घातलं होतं. हे सगळं मला समजू शकत होतं. पण टाचांना खाडीचा चिखल होता, वाळलेला, भेगांत बसलेला. कडेवरच्या पोरीच्या टाचांना चिखल कसा? खाली ठेवली असेल कुठे, असं म्हणून मी तो विषय मिटवला. तेव्हा मला बरेच विषय मिटवता यायचे.

तिसऱ्या वर्षी माझ्या मुलीने मला घाबरवलं. सण अजून व्हायचा होता आणि ती आपणहून चौकटीला पाठ लावून उभी राहिली. "आजोबा, माप घ्या. ती मोठी झाली." मामंजींना कौतुक वाटलं. माझ्या अंगावर काटा आला.

ठकी तासून, घासून, रंगून तयार झाली, फक्त डोळे राहिले, आणि मुलगी तापाने पडली. विषमज्वर. डॉक्टरांनी सांगितलेलं नवं औषध यजमानांनी मुंबईहून आणलं. मुलीचे केस कापावे लागले, गाल बसले, अंथरुणात ती लहान लहान होत चालली. आणि ओटीवर तिच्याच उंचीची ठकी भिंतीला टेकून उभी, अंगाने भरलेली, गाल गुलाबी, डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. मामंजी म्हणाले, डोळे काढून टाक, कामात मन रमेल. मी कुंचला हातात घेतला आणि ठेवून दिला. ही बघायला लागली तर आतली डोळे मिटेल, असं माझ्या मनाने धरलं. शिकलेली होते मी, मॅट्रिक झाले होते. काही उपयोग झाला नाही.

दुपारी मुलगी तापात म्हणाली, "आई, ती बाहेर उभी आहे ना? तिला दिसत नाही गं. ती मला हाका मारतेय."

त्यानंतर दोन्ही खोल्यांत मी ओटीकडे पाठ करून वावरले.

कोळीण आली ती सण झाल्यावर, ठरल्यासारखी. गेल्या वर्षीची ठकी बदल्यात द्यायला कडेवर होती. मी दारातच उभी राहिले, तिला आत येऊ द्यायचं नाही म्हणून. मामंजींनी सांगितलं, नात आजारी आहे, काम अडलंय. तिने नव्या ठकीकडे पाहिलं, मग माझ्यामागे अंथरुणाकडे, मग पुन्हा ठकीकडे.

"बाबा, माप कुनाचा घेतलाव?"

मी म्हणाले, "माझ्या मुलीचं. तिन्ही वेळा."

तिला हे कधी ठाऊकच नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ही भांडणार, नाहीतर नवी ठकी घट्ट धरून बसणार. खरं सांगते, तिने ती मागितली असती तर मी तिच्या अंगावर धावून गेले असते.

तिने कडेवरची ठकी सावरली, तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला. "हिला नका वाडवू आता," ती म्हणाली. "माजी हाय तेवरीच रावू दे. तुजी वाडू दे, बाय."

आणि गेली. तिचं मूल दुसऱ्यांदा गेलं होतं, आणि या वेळी तिने ते स्वतःच्या तोंडाने सोडलं होतं. मी दारातच बसून रडले. मामंजींनी ती आंधळी ठकी फोडून पाण्याच्या बंबात घातली.

ताप त्याच दिवशी उतरला असं मी सांगणार नाही. उतरायला फार दिवस लागले. पण उतरला. केस आले, फ्रॉक आखूड व्हायला लागले, दर वर्षी मी खालची दुमड उसवून लांब करायची.

कोळीण मला पुन्हा दिसली ती पुष्कळ वर्षांनी, कोपरीच्या बाजारात. मुलगी माझ्याबरोबर होती, माझ्या खांद्याला लागलेली. कोळीण थांबली. मुलीला पायापासून डोक्यापर्यंत बघून हसली, मनापासून हसली. तिचा डावा हात मात्र कमरेच्या जरा खाली, हवेत, तळवा पालथा होता, आणि बोटं हळूहळू हलत होती, डोक्यावरून फिरवावीत तशी. बाजारात गर्दी होती. निघताना माझ्या मुलीने तिला वाट दिली, आणि मग आणखी एक पाऊल बाजूला सरकली, त्या हाताखाली जे कोणी होतं त्यालाही जाता यावं म्हणून.