अँगस टेलफरची खूण

माझी भावजय एफी हिला आमच्या दरीत सगळे 'टेलिफोन एक्स्चेंज' म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते माहीत होतं, कारण तिला सगळंच माहीत असे. त्या काळी न्यूझीलंडमधल्या ओटागोच्या या डोंगराळ भागात दरीतली सगळी घरं एकाच तारेवर होती. प्रत्येक घराची वेगळी खूण. कुणाची दोन लांब घंट्या, कुणाची एक आखूड आणि एक लांब. फोनचा दांडा फिरवला की घंटी सगळ्यांच्याच घरात वाजायची आणि ज्याची खूण त्यानं उचलायचं. बाकीच्यांनी उचलायचं नाही हा शिष्टाचार, आणि बाकीच्यांनीही उचलायचं हा रिवाज. एफी तर पिठाचे हात एप्रनला पुसत धावायची आणि रिसीव्हरच्या तोंडावर तळवा ठेवून, जिवाचा कान करून उभी राहायची.

"एफी, लाज नाही वाटत?" मी विचारायचे.

"वाटते ना. पण ऐकून झाल्यावर."

मी वॅटीची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, बहीण. लग्न केलं नाही म्हणून भावाच्या घरी राहिले. एफीचं आणि माझं काही फार गूळपीठ नव्हतं. तिचं बोलणं संपायचं नाही आणि मला बोलणं सुरू झालेलंच आवडायचं नाही.

त्या तारेची एक खोड होती. जितके जास्त लोक उचलतील तितका आवाज बारीक व्हायचा. मग बोलणारा वैतागून ओरडायचा, "ठेवा गं बायांनो, मला डॉक्टर ऐकू येईना!" की घराघरांतून खट्, खट्, खट्. आवाज परत खणखणीत. कुणी कुणाला नंतर काही म्हणायचं नाही.

खुणांच्या बाबतीत सगळ्यात ठोंब्या होता अँगस टेलफर, मधल्या घरातला म्हातारा मेंढपाळ. त्याची खूण लांब, आखूड, लांब. त्याला फोन कुणालाही करायचा असो, तो स्वतःचीच खूण वाजवायचा. "एक पाठ केली, तेवढी पुरे," म्हणायचा. मग आमच्यापैकी कुणीतरी उचलून विचारायचं, "कोण हवंय, अँगस?" आणि त्या माणसाला हाक मारायची. बहुतेक वेळा एफीच उचलायची. पुरते शब्द ऐकू येण्याआधीच तिला तो कळायचा. नाकातून शिट्टी वाजल्यासारखा त्याचा श्वास यायचा.

तो मार्चमध्ये गेला, पॉपलरची पानं पिवळी होत असताना. घराला कुलूप लागलं. त्याची बहीण बेला टेलफर वरच्या घळीत एकटी राहायची. सगळे तिला मिस टेलफरच म्हणत. मदत मागायची वेळ आली तर ती आधी जीव देईल अशी तिची ख्याती होती.

बर्फ आमच्याकडे दर हिवाळ्यात पडतो. दोन दिवस घोट्याएवढा, मग चिखल. त्या जुलैत तो पडायला लागला तो थांबेना. कुंपणाच्या तारा गेल्या, मग खांब गेले. एका सकाळी खिडकी उघडायला गेले तर बाहेर दिवस नव्हता, काचेला टेकलेली निळसर भिंत होती. लाकडांच्या शेडपर्यंत वॅटीनं बोगदा खणला. परसातल्या संडासापर्यंत दुसरा, आणि त्यातून जाताना मी दर वेळी चोरासारखी वाकून जायचे. कोंबड्या धुण्याच्या खोलीत आणल्या. त्या तिथे अंडी द्यायच्या नाहीत, नुसत्या बघत बसायच्या. पाव संपला, मग मैदा मोजून वापरायला लागलो, आणि तिन्ही वेळा ओटची पेज आणि खारवलेलं मटण.

सगळ्यात वाईट म्हणजे शांतता. वारा पडला होता. कुत्री भुंकत नव्हती. आपण बोललो की शब्द तोंडाच्या दोन बोटं पुढे जाऊन मरायचे. एफीसुद्धा हळू बोलायला लागली, यावरून काय ते समजा.

पुलापाशी तार तुटली होती, त्यामुळे गाव आणि खरं एक्स्चेंज दोन्ही मुके झाले. पण दरीतली आमची तार शाबूत होती. एफी रोज सकाळी एकेका घराची खूण वाजवायची. "जिवंत आहात का? बरं. चहा आहे? बरं." मिस टेलफरला ती वाजवायची नाही. मिस टेलफर बर्फ पडायच्या आदल्या दिवशी टपालगाडीनं डनेडिनला भाचीकडे गेली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणजे जाताना कुणी पाहिलं नव्हतं.

पुरुष दिवसभर डोंगरावर. एकामागे एक चालून बर्फ तुडवायचा, वाट करायची, आणि अडकलेल्या मेंढ्या त्या वाटेनं खाली आणायच्या. पुरल्या गेलेल्या मेंढीचा माग बर्फातल्या भोकावरून लागतो. खाली ती श्वास घेते, तिथं मुठीएवढं भोक पडतं आणि त्याची कड पिवळट होते. भोक दिसलं की फावडं घालायचं. वॅटी संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या असायच्या आणि तो कुणाशी बोलायचा नाही.

अशाच एका दुपारी, चहाच्या वेळेला, घंटी वाजली. लांब, आखूड, लांब.

एफी चहाबरोबरच्या स्कोनसाठी मोजून घेतलेलं पीठ मळत होती. तिचे हात पिठात तसेच राहिले. दरीतल्या मांजराला फोन आला तरी उचलणारी ही बाई जागची हलली नाही.

"वारा असेल," मी म्हणाले.

"वारा कुठाय, नेस?"

घंटी पुन्हा वाजली आणि थांबली. संध्याकाळी वॅटीनं निकाल दिला, "तारांवर बर्फाचं वजन आलंय. तार तारेला लागली की वाजणारच."

"लांब, आखूड, लांब अशी लागते का?" एफीनं विचारलं.

"तू चहा ओत."

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. या वेळी थोड्या वेळानं आमची खूण वाजली. खालच्या घरातल्या मिसेस क्रोझियर होत्या, आवाज कापत होता. "एफी, तुला म्हणून सांगते. मी उचलला. कुणी बोलेना. पण श्वास ऐकू येत होता गं. एक नाही. पुष्कळ. सगळी स्मशानभूमी कानाला लागल्यासारखी." एफी म्हणाली, "देवाचं नाव घ्या आणि आज लवकर झोपा," आणि स्वतः रात्रभर टक्क जागी राहिली.

तिसऱ्या दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात वाट बघत बसलो होतो. वाट बघत होतो हे दोघींनीही कबूल केलं नसतं. घंटी वाजली. लांब, आखूड, लांब.

"नको उचलूस," मी म्हणाले. माझी पाचावर धारण बसली होती, सांगायला लाज कसली.

"अगं, वाजतेय ती," एफी म्हणाली. "वाजलेली घंटी अशी टाकून द्यायची का?" आणि तिनं उचलला.

मी तिच्या गालाला गाल लावून ऐकलं. आधी नुसते श्वास. जाड, बारीक, धापा टाकणारे. आणि त्यांच्या खूप मागे, डासाएवढा, एक आवाज. शब्द कळत नव्हते. मग एक कळला. "लाकडं."

एफीनं रिसीव्हर कानावर आणखी दाबला. "मिस टेलफर," ती पुटपुटली. "गेलीच नाही ती. नेस, ती वरच आहे!"

आणि मग मी एफीला पहिल्यांदा खरी रागावलेली पाहिली. ती फोनमध्ये अशी ओरडली की कोंबड्या फडफडल्या.

"ऐका सगळे! भुताबिताचं काही नाही, तुम्हीच आहात ते! एकमेकांचे श्वास ऐकून घाबरताय, गाढवांनो! तिकडे मिस टेलफर मरायला टेकलीय आणि तुमच्यामुळे तिचा आवाज पोचत नाहीये. ठेवा!"

कुणी ठेवेना. उचललाच नव्हता असं दाखवायची एवढी सवय की ठेवायचीही चोरी.

"मिसेस क्रोझियर, तुमचा दमा मला पाठ आहे. ठेवा!"

खट्.

"डगल, पाईप चघळतोयस. ठेव."

खट्.

"पुलाजवळचे, दोघं एका रिसीव्हरला कान लावून आहात. ठेवा. आणि तू, आयरीन, रडू नकोस, ठेव."

खट्. खट्. एकेका घराला तिनं श्वासावरून ओळखलं आणि खाली ठेवायला लावलं. दर वेळी मिस टेलफरचा आवाज थोडा जवळ यायचा. शेवटी सगळी घरं संपली.

तरी एक श्वास उरला.

मीही ऐकला. सावकाश येत होता. घाई नव्हती त्याला. सोडताना नाकातून बारीक शिट्टी.

एफीनं माझा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी होती. पण आवाज, तो मी कधी विसरणार नाही, एखाद्या दमलेल्या माणसाला आत बोलवावं तसा मऊ निघाला.

"कळलं मला, अँगस. तुझं काम झालं. ठेव आता. मला बेलाचं ऐकू दे."

शिट्टी आणखी एकदा वाजली. मग खट्.

आणि मिस टेलफर आमच्या टेबलाशी बसल्यासारखी बोलली, "कोण आहे?"

टपालगाडी त्या दिवशी तिच्या फाटकापर्यंत आलीच नव्हती. बॅग घेऊन ती थांबली, बर्फ सुरू झाला, परतताना पडली, घोटा मोडला. धुरांडं बर्फानं बुजलं होतं, दार उघडत नव्हतं आणि लाकडं दाराबाहेर.

"थंडी वाजतेय का?" एफीनं विचारलं.

"मघाशी वाजत होती. आता छान वाटतंय."

एफीनं माझ्याकडे पाहिलं. गारठून मरायच्या आधी माणसाला असंच छान वाटतं, हे दरीत पोरांनाही ठाऊक होतं. मी फावडं उचललं आणि अंगणात जाऊन पाण्याच्या पत्र्याच्या टाकीवर बडवत सुटले. उतारावरून पुरुष धावत आले, मी त्यांना मिस टेलफरचं सांगितलं. आणखी मेंढ्यांचा माग लागला होता, त्या तिथेच राहिल्या. वॅटीनं आभाळाकडे पाहिलं. उजेड थोडाच उरला होता. ते एकामागे एक घळीकडे निघाले, बर्फ तुडवत.

मी आत आले तर एफी बोलत होती. ती मिस टेलफरला झोपू देत नव्हती. आणि कशानं, तर इतक्या वर्षांत चोरून ऐकलेलं सगळं तिला सांगून! डगलनं बायकोपासून लपवून विकलेला घोडा. आयरीननं एकाच आठवड्यात दोघांना दिलेला होकार. पाद्रीबुवांची मूळव्याध.

"हे तुला कसं कळलं?" मिस टेलफर जड जिभेनं विचारायची.

"उचलून. झोपताय का? झोपू नका, अजून तुमच्याबद्दल लोक काय म्हणतात ते राहिलंय."

"काय म्हणतात?" आवाज जरा तरतरीत झाला.

त्या तारेवर इतकी मजेदार बातमीपत्रं पूर्वी कधी झाली नव्हती आणि नंतरही नाही. आणि त्या अख्ख्या वेळात एकाही घरात रिसीव्हर उचलला गेला नाही. आवाज एकदाही बारीक झाला नाही. एफीचा घसा बसला, मी तिला चहा पाजत राहिले, आणि देवाशपथ, तिचं बोलणं थांबू नये असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. अंधारून येता येता पलीकडून काच फुटल्याचा आवाज आला आणि वॅटीचा दम लागलेला स्वर, "आहे. आहे ती." तेव्हा एफी खाली जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली.

मिस टेलफरला स्लेजवरून आमच्याकडे आणलं. दोन दिवसांनी ती चुलीजवळ बसून पेज नीट शिजली नाही म्हणून तक्रार करण्याइतकी बरी झाली.

"एवढे दिवस घंटी वाजवत होतात, तर आमची खूण का नाही वाजवली?" मी विचारलं. "त्या बंद घराची वाजवून उगाच सगळ्यांची गाळण उडवलीत."

तिनं चमचा खाली ठेवला. "मी? मी कशाला वाजवेन? लोकांना त्रास द्यायला?" तिला खरंच राग आला होता. "मी सगळे कोट अंगावर घेऊन पडले होते. उठायचं नाही असं ठरवलं होतं. अँगसची खूण वाजली म्हणून उठले, भिंतीपर्यंत सरपटत गेले. रोज गेले. मला वाटलं, तुमच्यापैकीच कुणीतरी त्याला फोन करतंय."

"तारांवरचं वजन..." मी भावाकडे पाहिलं. ते वाक्य त्याचं होतं.

वॅटी बूट काढत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "घळीकडे जाताना अँगसच्या घरावरून गेलो," तो म्हणाला. "दार बुजलेलं. पाऊल नाही कुठे. फोनची तार जिथून आत जाते तिथं भिंतीपाशी बर्फात भोक होतं. पिवळ्या कडेचं. मी फावडं घातलं."

"मग?"

"खाली मेंढी नव्हती."

एफीनं किटली उचलली आणि मिस टेलफरचा कप भरला.

"पण माझी खूण का नाही वाजवली त्यानं?" मिस टेलफरनं हळूच विचारलं. "मलाच उठवायचं होतं तर?"

"त्याला दुसरी येत कुठे होती?" एफी म्हणाली.