‘मुळे’ आणि ‘त्याच वर्षी’

सुमनबाई धुळ्याजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. शाळेत बाईमाणूस त्या एकट्याच. १९९० च्या पावसाळ्यात त्यांची नऊ वर्षांची मुलगी काविळीने गेली. त्यांनी वर्षभर बिनपगारी रजा काढली. पुन्हा रुजू झाल्यावर, घरी बसवत नाही म्हणून एम.एड.ला नाव घातलं. लघुप्रबंधाचा विषय घेतला गावातल्या मुलींची गळती.

त्र्याण्णवच्या जानेवारीत एका रविवारी त्या चौथं प्रकरण घेऊन एस.टी.ने जळगावला गेल्या. मार्गदर्शक मोतीलाल सर तिथल्याच पिंप्राळ्यात राहत. सरांनी दोन पानं वाचली.

“बाई, तुम्ही कोष्टकच शब्दांत उतरवलंय. चौसष्टपैकी तेवीस मुलींनी ‘इतर’ कारणाने शाळा सोडली, हे मला आकड्यातही दिसतं. हे ‘इतर’ म्हणजे काय?”

बाईंनी घरी येऊन त्या तेवीस मुलींचे पाहणीचे फॉर्म परत काढले आणि शाळा सोडल्याच्या वर्षाप्रमाणे लावले. अकरा एकाच वर्षातले निघाले. नव्वद-एक्क्याण्णव. बाईंना रडू आलं नाही. त्यांनी कोष्टकाला एक रकाना वाढवला आणि खाली लिहिलं, ‘शिक्षिका रजेवर असल्यामुळे अकरा मुलींची गळती झाली.’

पुढच्या रविवारी सरांनी ‘मुळे’भोवती पेन्सिलीने गोल केला.

“ही शिक्षिका कोण?”

“मी.”

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, “तरीही ‘मुळे’ लिहिता येणार नाही. ‘त्याच वर्षी’ एवढंच लिहा. पुढचं घरोघर जाऊन विचारा.”

सर आपली समजूत काढताहेत की चूक दाखवताहेत, हे बाईंना कळलं नाही. कळून घ्यावंसंही वाटलं नाही.

त्या अकराही घरी गेल्या. धुरपदाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांची लेक चौथीतून निघाली होती.

“तुम्ही घर बसनात, मंग मनी पोर बी घर बसनी,” धुरपदाबाई म्हणाल्या. “तठे आखो बाई कोन शे? कोना भरोसावर धाडू?”

बाईंनी ते अहिराणीतच, जसंच्या तसं वहीत उतरवलं : शाळेत दुसरी बाई नाही, माझी पोर कुणाच्या भरवशावर पाठवू. धुरपदाबाईंनी चहा ठेवला, बाई तो प्यायल्या. चवीकडे लक्ष गेलं नाही.

शेवटी प्रकरणात आलं ते असं : ‘अकरापैकी सात पालकांनी शिक्षिकेच्या गैरहजेरीचा उल्लेख केला. चौघांनी घरकाम व लग्न ही कारणे सांगितली. संख्या लहान असल्याने ठाम कार्यकारणभाव सांगता येत नाही.’

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हाच परिच्छेद मोठ्याने वाचला. “संयमाने लिहिलंय,” असा शेरा दिला. बाई “हो सर” म्हणाल्या.

जूनमध्ये त्या सातही घरी पुन्हा गेल्या. पाच मुलींची लग्नं ठरली होती किंवा झाली होती. दोघी पाचवीला आल्या, वर्गात सगळ्यांत उंच. बाईंनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.