मैदानाच्या मधोमध बसलेला विन्या आडे

अनसिंगच्या स्टँडवर कुणालाही विचारा, विनोद आडे कुठे असतो? उत्तर येईल, "फॉरेनले." काय करतो? "फुटबॉल खेळते." मग समोरचा जरा थांबेल आणि तुम्हालाच विचारेल, "ते ठीक आहे, पन करते काय?"

तर विन्या स्टॉपर आहे. समोरच्या टीमचा माणूस गोल मारायला निघाला की त्याच्या वाटेत उभं राहायचं, हा त्याचा धंदा. या धंद्यावर तो तीन देश फिरून आला आणि आता चौथ्यात आहे. मी शाळेत त्याच्या मागे गोलकीपर होतो आणि आता अनसिंगला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दोघांपैकी कोण पुढे गेलं हे वेगळं सांगायला नको.

विन्याचा तांडा अनसिंगपासून हाकेच्या अंतरावर. बाप किसनसिंग, आई रुपाबाई. दसरा झाला की दोघं कोयते बांधून ऊसतोडीला जायची, आणि लहानपणी विन्याही त्यांच्यासोबत. त्यामुळे शाळेत तो अर्धं वर्ष असायचा. हजेरीत त्याचं नाव आलं की मास्तर स्वतःच म्हणायचे, "उसात." पुढे थोरली चुलती रामीबाई त्याच्यासाठी तांड्यावर थांबायला लागली आणि विन्या पूर्ण वर्षाचा विद्यार्थी झाला. अभ्यासात त्याचा काही उजेड पडला नाही. पण जिल्हा स्पर्धेत कामठीच्या एका क्लबवाल्यांनी त्याला पाहिलं आणि उचलून नेलं. तिथून गोवा, आणि गोव्यातून एका एजंटामार्फत बाहेर.

एजंट म्हणजे काय, हे समजून घ्यायला किसनसिंगकाकांना फार वेळ लागला नाही.

"हा मुकादम कोन गावचा?"

"मुकादम नाही बा, एजंट आहे."

"मानसं नेते ना?"

"नेते."

"मधात आपलं काढून घेते ना?"

"घेते."

"मंग मुकादम."

तिसऱ्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. विन्यानंच बजावलंय, "लिहू नको हऱ्या, त्याइच्या शेजारच्या देशात मले अजून खेळायचं आहे." वाळूचा देश होता, एवढं पुरे. क्लब दुसऱ्या डिव्हिजनचा. बाहेरचे खेळाडू चार : विन्या, एक नेपाळी मिडफिल्डर आणि घानाचे दोघं, एक कीपर आणि एक फॉरवर्ड. विमानतळावरून उतरले त्याच संध्याकाळी क्लबच्या मॅनेजरनं चौघांचे पासपोर्ट मागून घेतले. म्हणाला, माझ्या कपाटात सांभाळून ठेवतो, तुम्ही निवांत खेळा.

सीझन संपत आला तेव्हा मलेशियाच्या एका क्लबनं विन्याला बोलावलं. वरची डिव्हिजन होती, आणि विन्या एकोणतिसाचा. या वयात स्टॉपरला असा फोन पुन्हा येत नाही. तो पासपोर्ट मागायला गेला. मॅनेजरनं चहा पाजला, हसला आणि पुढे कागद सरकवला. आणखी दोन वर्षं इथंच खेळायचा करार. सही कर, पासपोर्ट घेऊन जा. नाहीतर कपाट माझं आणि किल्लीही माझी.

त्या दिवशी विन्यानं घरी फोन लावला आणि मलाही लाइनवर घेतलं. आईबाप तेव्हा उसाच्या फडात होते. दोघं एरवी आपसात आपल्या बंजारा बोलीत, गोरमाटीत बोलतात. मी लाइनवर होतो म्हणून वऱ्हाडीत भांडले, एवढा माझा मान.

"कर सही," किसनसिंगकाका म्हणाले. "दोन वर्सं काय, निंघून जातीन."

"तुमी करा सही," रुपाबाई मागून कडाडली. "त्या मुकादमानं आपल्याले घरी जाऊ नाही देल्लं, इसरले काय? पोरगं तापानं फनफनलं होतं आन् तुमी म्हने, निंघून जाते हंगाम."

"मी त्याले समजावून राह्यलो."

"तुमी त्याले भेव दाखवून राह्यले."

मी मधे तोंड घातलं. "विन्या, मॅनेजरच्या हापिसात जाऊन टेबल वाजव."

"टेबल लय मोठा आहे हऱ्या. माह्या हातानं वाजत नाही."

"याडी, तू सांग," विन्या आईला म्हणाला. रुपाबाईनं हातातली मोळी बांधून टाकली असावी, कारण पाचटाची खसखस थांबली.

"बसून जाय."

"कुठं?"

"आमी कुठं बसलो होतो त्या साली? तू तं होता मांडीवर."

ती गोष्ट तांड्यावर सगळ्यांना पाठ आहे. मुकादम सोडत नव्हता तेव्हा टोळीनं भांडण केलं नाही. कोयते खाली ठेवले आणि फडाच्या तोंडाशी बसून घेतलं. पण सकाळी नाही. सकाळी बसलं तर मुकादम दुपारपर्यंत दुसरी टोळी आणतो. कारखान्याची गाडी येऊन उभी राहिली, ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला, तेव्हा बसले. रिकामी गाडी परत गेली तर कारखाना मुकादमाला धरतो. संध्याकाळी टोळी घरच्या वाटेला लागली होती.

"गाडी उभी झाल्याबिगर बसजो नको," रुपाबाई म्हणाली. "आन् एकटा बसजो नको. एकट्याले येडा म्हनतेत."

विन्याची गाडी शोधायला फार लांब जावं लागलं नाही. शेवटची मॅच घरच्या मैदानावर होती. टीव्हीवाले येणार होते आणि लीगचे अध्यक्ष खुर्चीत बसणार होते. प्रश्न उरला टोळीचा. नेपाळी हिंदीत पटला. घानाच्या दोघांना विन्यानं मोडक्या इंग्रजीत ऊस, फड, गाडी असं सगळं सांगितलं. कीपरला सगळं कळलं आणि तो जाम हसला. फॉरवर्डलाही कळलं, पण तो हसला नाही. त्याच्या घरी तान्हं लेकरू होतं.

मॅच इंटरनेटवर दिसणार होती. माझ्या दुकानात ही गर्दी. हवापाण्याच्या गप्पा करायला येणारे रामरावकाकाही स्टूल ओढून पुढे बसले. टीमा मैदानात आल्या, हात मिळवले, रेफरीनं चेंडू मधोमध ठेवला. विन्या मागच्या आपल्या जागेवरून चालत चालत पुढे आला, चेंडूजवळ मांडी घातली आणि बसला.

"हे काय?" रामरावकाका म्हणाले. "जेवाले बसला काय?"

नेपाळी आला, त्याच्या शेजारी बसला. मग कीपर गोल मोकळा सोडून हातमोज्यांसकट आला आणि बसला. फॉरवर्ड उभाच राहिला, बुटाकडे बघत. रेफरीनं शिट्टी मारली, पुन्हा मारली. विन्याला पिवळं कार्ड दाखवलं. विन्यानं मान हलवली, म्हणजे दिसलं. टोकदार बूट घातलेला मॅनेजर मैदानात धावत आला, वाकून काहीतरी म्हणाला. विन्या इंग्रजीत म्हणाला, "पासपोर्ट. मग फुटबॉल." बाजूलाच कॅमेरा होता. रेफरीनं दुसरं पिवळं दाखवलं, त्याच्या पाठोपाठ लाल.

"लाल म्हनजे?" कुणीतरी विचारलं.

"म्हनजे बाहीर जाय."

विन्या गेला नाही. बसूनच राहिला. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली.

लगेच किसनसिंगकाकांचा फोन. "काय झालं रे?"

"टीव्हीवाल्यांनी दाखवनं बंद केलं काका."

"म्हनजे गाडी उभी आहे," पलीकडून रुपाबाई म्हणाली.

पुढचं विन्यानं नंतर सांगितलं. अध्यक्षांनी खुर्चीतूनच माणूस पाठवून विचारलं, काय चाललंय. मॅनेजरनं थकवा, ऊन, गैरसमज अशी पुष्कळ कारणं दिली. अध्यक्षांना पासपोर्ट हा एकच शब्द ऐकू आला होता. कपाट उघडलं गेलं. चारही पासपोर्ट मैदानात आले, उभ्या राहिलेल्या फॉरवर्डचासुद्धा. विन्यानं आपला उघडून फोटो तपासला, मोज्यात खोचला आणि मगच लाल कार्डाचा मान राखून बाहेर गेला.

फॉरवर्डबद्दल मी त्याला छेडलं. "एक गडी फितूरच निघाला तुमचा."

"फितूर काहून? त्याचं लेकरू लहान आहे. टोळीत असा एक असतेच. त्याच्यासाठीबी बसा लागते."

फुकट काही झालं नाही. सहा मॅचची बंदी आली. मलेशियावाल्यांनी बातमी वाचली आणि कळवलं, आम्हाला शांत स्वभावाचा स्टॉपर पाहिजे. जुन्या मॅनेजरचा मात्र निरोप आला : झालं गेलं विसर, परत ये, कपाटाची किल्ली तुझ्याकडे ठेव. विन्यानं उत्तर दिलं नाही. किसनसिंगकाका चिडले, "एवढं बसून भेटलं काय?" विन्या म्हणाला, "बा, आता जाचं का नाही जाचं, हे मी ठरवून राह्यलो. हे भेटलं."

दोन महिने तो तांड्यावर होता. सकाळी अनसिंगच्या रस्त्यानं धावायचा, दुपारी माझ्या दुकानात बसून क्लबांना व्हिडिओ पाठवायचा. मी त्या व्हिडिओतून मांडी घातलेला भाग कापून टाकायला सांगितलं. त्यानं तोच सगळ्यात आधी लावला.

शेवटी थायलंडच्या एका लहान क्लबनं बोलावलं. डिव्हिजन तिसरी. बंदीही तिथंच मैदानाबाहेर उभं राहून फेडायची होती. सही करायला बसला तेव्हा तिथल्या मॅनेजरनं नोंदणीसाठी पासपोर्ट मागितला. विन्यानं झेरॉक्स पुढे केली. मॅनेजरनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मैदानात बसला होता तो तूच का?"

"हो."

"इथे बसणार का?"

"ते तुमच्या हातात आहे," विन्या म्हणाला आणि पेन मागितला.