काठीसकट आठ चौकोन

काकू टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. घरासमोरचा रस्ता ओलांडताना त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. गाडीचा धक्कासुद्धा लागला नव्हता. गाडीवाल्यानं कानाशी हॉर्न वाजवला, "आजी, घरी बसा की!" म्हणून खेकसला, काकू दचकल्या आणि आडव्या झाल्या. हाड जुळलं, हातात काठी आली आणि मुलानं फर्मान काढलं, "आई, यापुढे एकटीनं बाहेर पडायचं नाही."

"मग काय, भिंतींशी गप्पा मारू?"

भांडण नको म्हणून त्यानं वाचनालयातल्या कॉम्प्युटरच्या वर्गात त्यांचं नाव घातलं. ने-आण तोच करणार होता. पहिल्या दिवशी आत बघतो तर सगळी शाळकरी मुलं, आणि फळ्यावर लिहिलेलं, 'बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत खेळ बनवा.'

"आई, चुकीचा वर्ग आहे. चल."

"बसले ती बसले," काकू म्हणाल्या आणि पुढच्याच खुर्चीत टेकल्या.

सर पंचविशीतले, बोलायला गोड. त्यांनी चौकटीचे कागद वाटले. आडवे आठ चौकोन, उभे आठ. जिथे ठिपका हवा तो चौकोन रंगवायचा. उजवीकडून प्रत्येक चौकोनाची किंमत एक, दोन, चार, आठ अशी दुप्पट होत जाते. प्रत्येक ओळीतल्या रंगवलेल्या चौकोनांच्या किमतींची बेरीज करायची आणि ते आठ आकडे प्रोग्राममध्ये टाकायचे. मग पडद्यावर चित्र उमटतं आणि आपण सांगू तसं हलतं. या हलत्या चित्राला म्हणायचं स्प्राइट.

मुलांनी सैनिक काढले, रॉकेटं काढली. काकूंनी काठी घेतलेली बाई काढली. पडद्यावर उमटली ती बादली.

मुलं खिदळली. काकूही हसल्या, पण कागद दुसरा घेतला.

सर वाकून म्हणाले, "काकू, आठ चौकोनांत गर्दी होतेय. काठी काढून टाका, सुटसुटीत दिसेल."

"पोट काढून टाकते," काकू म्हणाल्या. "काठी राहील."

त्यांनी बाईची कंबर बारीक केली, मध्ये एक उभी रांग मोकळी सोडली आणि काठी उजव्या कडेला उभी केली. कडेच्या चौकोनाची किंमत एकच, म्हणजे त्या ओळींच्या बेरजेत फक्त एक मिळवायचा. चुका पुष्कळ झाल्या. कधी डोकं धडापासून सुटलं, कधी काठी हवेत तरंगली. पण एका दुपारी बाई पडद्यावर नीट उभी राहिली आणि एकेक पाऊल टाकत गाड्यांच्या रस्त्यावर उतरली.

"फारच हळू चालतेय," सर म्हणाले. "खेळणाऱ्याला कंटाळा येईल. धावायला लावू या?"

"तुम्ही खुबा मोडून घ्या आणि मग धावून दाखवा."

तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "गाडी आपटली की आजी मरते का?"

"मरेल कशाला? गाडी बाद!"

"असं कुठे असतं?" सरांना राहवलं नाही.

"नसतं. म्हणूनच स्वतः करतेय."

वर्गाच्या शेवटी पालकांना खेळ दाखवायचे होते. काकूंचा खेळ सरांनी सगळ्यांत शेवटी, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ठेवला. सैनिक आणि रॉकेटं बघून कंटाळलेली पोरं तिकडे वळली. बाईची चाल पाहून आधी जीव टांगणीला लागला, मग ती मुलगी पडद्यावरच्या गाड्यांवर ओरडायला लागली, "ए, दिसत नाही का? थांब!" बाकीचेही ओरडू लागले.

काकूंचा मुलगा खेळायला बसला. कळ दाबदाब दाबली.

"आई, ही भरभर का चालत नाही?"

"चालणार नाही. तू थांब."

तो थांबला. बाई पलीकडे पोचेपर्यंत त्याचं बोट कळेवर तसंच टेकलेलं होतं. उठताना एवढंच म्हणाला, "घरासमोरचा रस्ता तू कुठे ओलांडायचीस ते मला दाखव."

"दाखवते. पण तू मागून ये."

पुढचा नवा वर्ग सुरू झाला तेव्हाही काकू हजर, तेही एकट्या. मुलाला त्यांनी घरीच थांबवलं होतं. सरांकडे त्यांनी चौकटीचा कोरा कागद मागितला.

"आता काय काढताय?"

"बाकडं. रस्त्याच्या मधोमध, दम खायला."

"काकू, रस्त्यात कुणी बाकडं ठेवतं का?"

"माझ्या रस्त्यात ठेवतात," काकू म्हणाल्या आणि पहिला चौकोन रंगवायला घेतला.